मुंबईच्या वाडीवर सौरपंप: पॅनलचा कोन कधी, किती आणि कसा बदलायचा

गोराई-मनोरीच्या वाड्या असोत, वसईची बागायत असो की कर्जत-शहापूरकडे घेतलेली अर्धा-एक एकर जमीन, इथे सौरपंप बसवताना बहुतेक जण पॅनल २० अंशांवर दक्षिणेकडे तोंड करून पक्के ठोकून टाकतात. घराच्या छतासाठी ते बरोबर आहे, कारण तिथे वर्षभराची वीज मोजायची असते. शेताचा हिशेब वेगळा. जून ते सप्टेंबर पाऊस पाणी देतो आणि पंप बंद असतो. पंपाचं खरं काम ऑक्टोबर ते मे, आणि या आठ महिन्यांत सूर्य एवढा जागा बदलतो की एकच कोन सगळीकडे पुरत नाही.

मुंबईचा अक्षांश साधारण १९ अंश. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर येतो. मेच्या मध्यावर तो अगदी डोक्यावर असतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच पडते. म्हणून १० अंशांवर ठोकलेलं पॅनल डिसेंबरच्या दुपारी सुमारे १६ टक्के थेट ऊन सोडून देतं, आणि ४० अंशांवर ठोकलेलं पॅनल मेमध्ये, म्हणजे पिकाला सर्वांत जास्त पाणी लागतं तेव्हा, २३ टक्के.

पण टक्क्यांपेक्षा मोठी गोष्ट पंपाच्या स्वभावात आहे. सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या पंख्याने पाणी फेकणाऱ्या, पंपाला पाणी वर चढवण्यासाठी एक किमान वेग लागतो. तेवढी वीज मिळाली नाही तर मोटर फिरते, आवाज येतो, पण पाइपातून थेंबही बाहेर पडत नाही. म्हणजे सकाळी ऊन थोडं कमी पडलं तर पाणी थोडं कमी येत नाही, येतच नाही. जानेवारीत सकाळी ९ वाजता दक्षिणेकडे ४० अंश कललेलं पॅनल तोच कल ठेवून, उत्तर-दक्षिण आसाभोवती पूर्वेकडे ३५ अंश वळवलं, तर त्यावर पडणारं थेट ऊन साधारण दीडपट होतं. पंप उंबरठा ओलांडतो तो याच दीडपटीने. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या सौरपंपाच्या निकषांत ऋतूप्रमाणे कल बदलण्याची आणि दिवसातून तीनदा हाताने पॅनल फिरवण्याची सोय मागितलेली असते, ती उगाच नाही.

आधी पाण्याचा हिशेब, मग पॅनल

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. भाजीपाल्याला उन्हाळ्यात रोज ५ मिमी पाणी धरलं तर सुमारे २०,००० लिटर होतात. ठिबकमधली नासाडी धरून २२,००० म्हणा. पाटाने पाणी देणार असाल तर ३०,००० च्या पुढे जाल, आणि मग पॅनल वाढवण्याआधी ठिबक बसवणं स्वस्त पडेल.

आता उंची, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर ढकलावं लागतं ते. मेमधली पाण्याची पातळी घ्या, दिवाळीतली नाही. समजा विहिरीत पाणी जमिनीपासून ७ मीटर खाली आहे. ठिबकला १ किलो दाब, म्हणजे १० मीटर. फिल्टरचे ४ आणि पाइपातल्या घर्षणाचे २ ते ३. एकूण २४ मीटर. सूत्र असं: घनमीटर × एकूण उंची × ०.००२७२५ = युनिट. म्हणजे २२ × २४ × ०.००२७२५ = सुमारे १.४ युनिट. ही फक्त पाणी उचलण्याची ऊर्जा. लहान पंप आणि मोटर मिळून त्यांच्याकडे आलेल्या विजेतली ३५ ते ४० टक्केच पाण्यापर्यंत पोहोचवतात, म्हणून पंपाला रोज पावणेचार ते चार युनिट द्यावे लागतात. एक किलोवॉट पॅनल आपल्याकडे स्वच्छ दिवशी, उष्णता-धूळ-वायरीतली घट वजा जाता, साधारण तेवढंच देतं.

कागदावर १ किलोवॉट पुरतं, पण धुरकट हवा आणि पक्ष्यांची विष्ठा धरून १ एचपीच्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंपाला ५५० वॉटची ३ पॅनल लावा. दोनमध्ये भागवलेल्या वाडीवर एप्रिलमध्ये शेवटची सरी कोरडी राहते.

पंप कोणता? पाणी ६ मीटरच्या खाली जात असेल तर जमिनीवरचा, ओढून घेणारा पंप घेऊ नका. कागदावर तो ७ मीटर ओढतो, पण फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या बुडाची झडप) थोडा गळायला लागला की ५ मीटरवरही हवा खातो. पाण्यात बुडणारा पंप घ्या.

जमीन ठाणे, पालघर किंवा रायगड जिल्ह्यात असेल आणि सातबारा नावावर असेल तर महावितरणची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आधी बघा. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपीचा पंप मिळतो. मात्र योजनेतल्या सांगाड्यावर स्वतः भोकं पाडू नका. हमी जाते. कल बदलायची सोय त्यात आहे का, हे बसवतानाच विचारा आणि ती चालवून बघा.

जागा

माडाची सावली हा आपल्याकडचा मुख्य घोळ. डिसेंबरमध्ये १२ मीटर उंच माडाची सावली दुपारी ११ मीटर पडते, पण सकाळी ९ वाजता तीच सुमारे ३० मीटर लांब असते. त्यामुळे दक्षिणेला मोकळं आहे एवढं बघून चालत नाही, आग्नेय आणि नैऋत्यही बघा. झावळीची एक पट्टी एका पॅनलवर पडली तरी त्या पॅनलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो, आणि तिन्ही पॅनल एकाच मालिकेत, म्हणजे एकापुढे एक जोडलेली, असल्याने त्याचा फटका सगळ्यांना बसतो. खांब विहिरीच्या कठड्यापासून किमान ३ मीटर दूर ठेवा. जुन्या दगडी विहिरींच्या काठावर नवा पाया खोदला की बांधणी सुटते.

दक्षिण कशी काढायची? मुंबईत होकायंत्राची दक्षिण आणि खरी दक्षिण यांत नगण्य फरक आहे, पण लोखंडी खांबाजवळ होकायंत्र ठेवलं तर ते खोटं बोलतं. त्यापेक्षा ओळंबा टांगा आणि सूर्य मध्यावर आल्यावर दोरीची सावली जमिनीवर चुन्याने आखा. मुंबईत हा मध्य घड्याळाच्या १२ वाजता येत नाही. सरासरी १२:४०, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५३ ला येतो. त्या क्षणाची सावली म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा.

सांगाडा

५५० वॉटचं एक पॅनल साधारण २.२८ मी. × १.१३ मी. आणि २८ किलोचं. तीन शेजारी-शेजारी उभी लावली की ३.४ × २.२८ मीटरचा पत्रा तयार होतो, वजन ८४ किलो. वजनाची चिंता नाही, वाऱ्याची आहे. इमारतींच्या आराखड्यासाठी मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. तेवढा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलोचा दाब, म्हणजे या पत्र्यावर ९०० किलोंहून जास्त जोर. खालून झोत शिरला तर आणखी. म्हणून पुढची मापं कमी करू नका:

खांब: ५ इंची, मध्यम जाडीचा जीआय पाइप. जमिनीच्या वर आस २ मीटर उंचीवर. त्याहून खाली ठेवलात तर पॅनल वळवल्यावर त्याचा खालचा कोपरा गवतात जातो.

पाया: ७५ × ७५ सेंमी, १.५ मीटर खोल. रेताड जमिनीत ९० × ९०. काँक्रीट १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी). छोट्या पायाला सुमारे ७ गोणी सिमेंट लागतं. खांबाच्या बुडाला दोन आडव्या सळया वेल्ड करा, नाहीतर खांब काँक्रीटमध्येच फिरतो. किमान १० दिवस पाणी मारा, मगच पॅनल चढवा.

आस: खांबाच्या डोक्यावर अडीच इंची पाइप, उत्तर-दक्षिण. हा पाइप मधोमध बिजागरीवर बसतो आणि त्याचं दक्षिणेचं टोक खाली जातं, तो झाला ऋतूचा कल. पाइपाभोवती नायलॉनच्या बुशमध्ये (गोल कड्यात) पॅनलची चौकट डावी-उजवी फिरते, ती झाली रोजची फिरवाफिरव. बुशला ग्रीस निपल ठेवा.

कुलूप: कलासाठी पट्टीवर १०, २०, ३० आणि ४० अंशांची भोकं आणि १६ मिमीचा नटबोल्ट. रोजच्या फिरवण्यासाठी १० मिमी जाड चकतीवर तीन भोकं: पूर्वेला ३५, मध्ये शून्य, पश्चिमेला ३५. तिथे १६ मिमीची पिन, साखळीने बांधलेली. साखळी नसेल तर पिन आठवड्यात हरवते आणि तिच्या जागी खिळा येतो.

सगळी भोकं आणि वेल्डिंग आधी पूर्ण करा, आणि मगच सांगाडा गरम गॅल्व्हनायझिंगला पाठवा. जस्ताचा थर ८० मायक्रॉन मागा. नंतर मारलेल्या प्रत्येक भोकातून खाऱ्या हवेत एका पावसाळ्यातच गंज गळू लागतो. नटबोल्ट स्टेनलेस, खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ ३१६ दर्जाचे. पॅनल घेताना खाऱ्या हवेसाठीची आयईसी ६१७०१ चाचणी झालेली आहेत का, तेही विचारा. नटबोल्ट नागदेवीला आणि केबल-स्विच लोहार चाळीत सुटे मिळतात, पण पॅनल गोराई-मनोरीला न्यायचं तर होडीचा विचार सोडा. उत्तनमार्गे टेंपोने, उभी ठेवून न्या.

चौकट आसावर तोलून बसवा. म्हणजे पिन काढल्यावर पॅनल जागेवर राहिलं पाहिजे. एका बाजूला जड असेल तर पिन काढणाऱ्याच्या हातावर तो भार उतरतो. ऋतूचा कल बदलताना दोन माणसं आणि खाली लाकडी टेकू हवाच.

वायरिंग

तीन पॅनल मालिकेत जोडली की उघड्या परिपथाचा दाब, म्हणजे पंप वीज ओढत नसतानाचा व्होल्टेज, सुमारे १४९ व्होल्ट. थंडीत पहाटे पारा १२ पर्यंत उतरला तर १५४. कंट्रोलरची (पॅनलची वीज पंपाला जुळवून देणाऱ्या पेटीची) कमाल मर्यादा यापेक्षा आरामात वर हवी. उलटी बाजू कोणी बघत नाही: एप्रिलच्या दुपारी पॅनलचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापतो आणि कामाचा दाब १२४ वरून ११० च्याही खाली येतो. कंट्रोलरची किमान मर्यादा १२० असेल तर भर उन्हात पंप बंद-चालू होत राहतो आणि मालक पंपाला दोष देतो. कंट्रोलरच्या पाटीवरचे दोन्ही आकडे वाचूनच तो विकत घ्या.

३० मीटरपर्यंत ४ चौरस मिमी सोलर केबल, त्यापुढे ६. फिरत्या चौकटीवरून खांबावर येताना केबलला ६० सेंमी ढील द्या आणि तो लोंबता भाग लवचिक नळीत घाला. इथेच बहुतेक बिघाड होतात: ढील कमी पडली तर जोड ओढला जातो, जास्त झाली तर केबल चौकटीच्या धारेवर घासते आणि वरचं आवरण कापलं जातं. अर्थिंगही तसंच. बुश नायलॉनचा असल्याने चौकट आणि खांब यांचा विद्युत संबंध तुटलेला असतो. दोघांना तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडा.

आयसोलेटर, म्हणजे पॅनलची वीज तोडणारा स्विच, डीसीचाच आणि दोन्ही तारा तोडणारा. घरातला एसी एमसीबी इथे चालत नाही. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, स्विच आतून जळतो. पंप चालू असताना पॅनलचे जोड हाताने उपसू नका, त्याचंही कारण हेच. कंट्रोलर खांबाच्या उत्तर बाजूला, सावलीत, केबल खालून आत जातील असा लावा.

वेगवेगळ्या दिशेला तोंड केलेली पॅनल एका मालिकेत कधीही जोडू नका. सर्वांत कमी ऊन मिळणारं पॅनल बाकीच्यांचा प्रवाह आवळून धरतं.

कोनाचं वेळापत्रक

ऑक्टोबर: ३० अंश
नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी: ४० अंश
फेब्रुवारी: ३० अंश
मार्च: २० अंश
एप्रिल, मे आणि पावसाळा: १० अंश

मेमध्ये हिशेबाने शून्य हवं, पण १० च्या खाली जाऊ नका. सपाट पॅनलच्या कडेला धूळ-पाण्याची डबकी साचतात आणि खालची ओळ सावलीत जाते. दोन-चार अंशांची कसर काढत बसण्यात अर्थ नाही. १० अंश चुकलं तरी दीड टक्काच जातो.

कोन मोजायला मोबाइलमधला लेव्हल पुरतो. तो नसेल तर पॅनलच्या उतारावर १०० सेंमी लांबीची पट्टी ठेवा आणि तिच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक मोजा: १७ सेंमी म्हणजे १० अंश, ३४ म्हणजे २०, ५० म्हणजे ३० आणि ६४ म्हणजे ४०.

रोजचं फिरवणं: आदल्या संध्याकाळीच पॅनल पूर्वेकडे वळवून ठेवा, म्हणजे सकाळी कुणी उठायची वाट बघावी लागत नाही. १०:४० च्या सुमारास मध्ये, २:४० ला पश्चिमेकडे. अर्धा तास इकडे-तिकडे झाला तरी चालतं.

हे करायला वाडीवर रोज माणूस हवा. शनिवार-रविवारी जाणाऱ्यांनी रोजच्या फिरवण्याच्या नादी लागू नये. पूर्वेकडे वळवून विसरलेलं पॅनल जानेवारीत दुपारी साडेतीनला मधल्या स्थितीतल्या पॅनलच्या निम्म्याहूनही कमी थेट ऊन घेतं, म्हणजे सकाळी कमावलेलं दुपारी गमावलं. अशांनी पिन मध्ये टाकावी, तिच्यावर कुलूप लावावं आणि वर्षातून पाच वेळा फक्त कल बदलावा. थोडाफार फायदा त्यातही आहे.

ठिबकशी जुळवणी

सूर्याबरोबर पंपाचा प्रवाह वर-खाली होतो, आणि साध्या ठिबकला ते सोसत नाही. सकाळी दाब कमी असताना सगळे व्हॉल्व्ह उघडले तर पहिल्या झाडांना पाणी आणि टोकाला कोरड. शेताचे चार भाग करा. सकाळी एक भाग उघडा, साडेदहानंतर दोन, साडेतीननंतर पुन्हा एक. दाबमापक फिल्टरच्या पुढे लावा आणि काटा ०.८ किलोच्या खाली गेला की एक व्हॉल्व्ह बंद. माणूस नसेल तर दाब-समतोल राखणारे ड्रिपर घ्या, किंवा ५,००० लिटरची टाकी भरून तिथून पाणी सोडा. मात्र ४ मीटर उंच टाकी फक्त ०.४ किलो दाब देते. त्यावर कमी दाबाचंच ठिबक चालेल.

खारं पाणी

किनाऱ्यालगतच्या विहिरींत गोड पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. मोठा पंप तासाभरात विहीर उपसतो आणि खालचं खारं पाणी वर खेचून आणतो. सौरपंप दिवसभर हळू ओढतो, हा इथला त्याचा खरा गुण आहे. वसईच्या बावखलांकाठीही (गोड्या पाण्याच्या जुन्या तळ्यांकाठीही) तीच गोष्ट. म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप घेऊन हा गुण घालवू नका. पंप तळापासून निदान १ मीटर वर टांगा, पाणी संपलं की बंद पडणारा सेन्सर लावा, आणि मार्चपासून दर आठवड्याला टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) पाणी तपासा. आकडा १,३०० च्या पुढे चढू लागला की उपसा निम्मा करा. घेवडा आधी पिवळा पडतो, पालक आणि बीट बरेच दिवस तग धरतात.

बिघाड दिसला तर

मोटर फिरते, पाणी नाही, आणि वेळ दुपारची आहे: आधी फिल्टर उघडा, मग पाण्याची पातळी बघा. त्यानंतर फेज तपासा. तिन्हीपैकी दोन तारा उलट जोडल्या तर पंप उलटा फिरतो आणि पाणी फार कमी देतो.

कालपेक्षा पाणी कमी, ऊन तेवढंच: पॅनल धुवा. सकाळी ८ च्या आत, थंड असताना, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी ओतू नका. क्षाराचं पाणी असेल तर फडक्याने निपटून काढा, नाहीतर पांढरे डाग पक्के बसतात.

चौकट वाऱ्यात खडखडते: पिनचं भोक मोठं झालंय. नवी जाड पिन लगेच टाका, कारण सैल पिन भोक आणखी खाते आणि एका झोतात चौकट सुटते.

वादळ आणि पावसाळा

तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं ते १७ मे २०२१ ला, म्हणजे सिंचनाच्या ऐन हंगामात. निसर्ग ३ जून २०२० ला. त्यामुळे आडवं करण्यासाठी पावसाची वाट बघू नका. हवामान खात्याचा इशारा आला की कल १० अंश, फिरती चौकट शून्यावर, पिनच्या जागी नटबोल्ट, आणि चारही कोपऱ्यांतून नायलॉनच्या दोरीने खुंट्यांना ताण. पंप दोन दिवस बंद राहिला तर पीक मरत नाही.

पावसाळ्यात पॅनल याच स्थितीत ठेवा. आयसोलेटर बंद, कंट्रोलरच्या पेटीत सिलिका जेलची पिशवी. पंधरा दिवसांतून एकदा, ऊन असेल तेव्हा, पंप दहा मिनिटं चालवा. बंद पडलेल्या पंपाचे पंखे गाळाने जाम होतात. ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडी करून ठेवा. सप्टेंबरअखेर प्रत्येक नट पान्याने तपासा, बुशला ग्रीस भरा, गंज दिसेल तिथे घासून जस्ताचा रंग मारा, केबलचा लोंबता भाग हाताने चाचपून बघा, आणि मग कलाचा बोल्ट ३० च्या भोकात टाका.